एकाच बाजूची घरघर : फुप्फुसातील कार्सिनॉइड अर्बुद

कास, घरघर, रात्री वाढणारा श्वास एवढे ऐकले की तमकश्वासाचे निदान आपल्या मनात जवळजवळ ठरून जाते. परंतु श्वासनलिकेच्या मोठ्या शाखेत सावकाश वाढणारे कार्सिनॉइड अर्बुदही हेच रूप घेऊन येते, याकडे आम्ही वैद्यबंधूंचे लक्ष वेधू इच्छितो.

फुप्फुसाच्या सर्व कर्करोगांत याचे प्रमाण अवघे १ ते २ टक्के. रुग्ण बहुधा मध्यमवयीन, क्वचित किशोरवयीन, आणि पुष्कळदा धूम्रपान न करणारा. त्यामुळे कर्करोगाची शंका येत नाही. गाठीने शाखा अंशतः अडविली की शीळ ऐकू येते, पुरती अडविली की त्याच खंडात पुनःपुन्हा न्यूमोनिया होतो. गाठीत रक्तवाहिन्या विपुल असल्याने कफावाटे रक्तही पडते. मग कोणी दमा म्हणतो, कोणी क्षय, तर आपल्यापैकी कोणी ऊर्ध्वग रक्तपित्त. लक्षणांपुरते प्रत्येकाचे म्हणणे ठीकच असते, आणि वर्षे निघून जातात.

निदानपंचकातील उपशयाचा खरा कस येथे लागतो, असे आमचे मत आहे. योग्य चिकित्सेनेही अपेक्षित उपशय नाही आणि घरघर एकाच बाजूस आहे, तर तो तमकश्वास मानून पुढील कल्प बदलत बसू नये. साधा एक्स-रे निर्दोष असला तरी सीटी स्कॅन व ब्रॉन्कोस्कोपी करवून घ्यावी. मध्यभागातील लहान गाठ हृदयाच्या छायेत लपू शकते. चेहरा लाल होणे, अतिसार ही कार्सिनॉइडची प्रसिद्ध लक्षणे फुप्फुसातील गाठीत क्वचितच आढळतात. ती नाहीत म्हणून निश्चिंत होऊ नये.

बायॉप्सीनंतरही अडचण संपत नाही. लहानसा, चिरडलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली लघुपेशी कर्करोगासारखा दिसू शकतो. दोहोंची चिकित्सा अगदी भिन्न : त्या कर्करोगात भर मुख्यतः केमोथेरपीवर, येथे शस्त्रकर्मावर. २ चौरस मिलिमीटरमध्ये विभाजन पावणाऱ्या पेशी २ पेक्षा कमी असून पेशीनाश नसेल तर गाठ सौम्य प्रकारची ठरते. पण हे निश्चित होण्यास अनेकदा संपूर्ण गाठच तपासावी लागते. सौम्य प्रकारची गाठ वेळीच पूर्ण काढल्यास सुमारे ९० टक्के रुग्ण ५ वर्षांनंतरही हयात असतात.

सुश्रुतांनी वर्णिलेले हळू वाढणारे, खोल मुळाचे, न पिकणारे अर्बुद येथे आठवते खरे. मात्र ही गाठ हाताला लागत नाही. म्हणून रुग्णास छातीरोगतज्ज्ञांकडे पाठविताना चिठ्ठीत घरघर कोणत्या बाजूस, किती काळापासून, कोणती औषधे किती दिवस दिली आणि त्यांनी काय उपशय आला, हे अवश्य लिहावे.