काळीचे फेसाळ पाणी आणि कयाकची शर्यत

हुबळी-धारवाड हे जोडशहर जलविभाजकावर, म्हणजे पावसाच्या पाण्याची दोन समुद्रांत वाटणी करणाऱ्या उंचवट्यावर वसले आहे. पूर्वेकडच्या ओढ्यांचे पाणी मलप्रभेतून कृष्णेला मिळते, तर धारवाडातच उगम पावणारी शाल्मला पुढे बेडती होऊन अरबी समुद्राला जाते. पश्चिमवाहिनी नद्यांना सह्याद्रीची उंची थोडक्या अंतरात उतरावी लागत असल्याने त्यांच्या पात्रात उतार, खडक आणि फेसाळ पाणी एकत्र येतात. धारवाडहून साठेक किलोमीटरांच्या आत असलेल्या दांडेलीची काळी नदी त्यांपैकी सर्वांत परिचित, पण तेथील पर्यटकांच्या रबरी तराफ्यांपलीकडे अशाच पाण्यावर जगभर चालणारा कयाक-शर्यतींचा खेळ या परिसराला अजून जवळचा वाटत नाही.

कयाकमध्ये खेळाडू पाय पुढे पसरून बसतो आणि त्याच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पाते असते. कनूमध्ये तो गुडघ्यांवर बसून एकाच पात्याचे वल्हे मारतो. उसळत्या पाण्यावरील शर्यतींत स्लॅलम हा सर्वांत कसाचा प्रकार होय. सुमारे दोन-तीनशे मीटरच्या प्रवाहावर १८ ते २५ दारे, म्हणजे वरून टांगलेल्या काठ्यांच्या जोड्या असतात. हिरव्या-पांढऱ्या काठ्यांमधून प्रवाहाबरोबर आणि लाल-पांढऱ्या काठ्यांमधून प्रवाहाविरुद्ध जावे लागते. काठीला स्पर्श झाल्यास वेळेत २ सेकंद वाढतात आणि दार चुकल्यास ५०, त्यामुळे दीडेक मिनिटाच्या शर्यतीत एक चुकलेले दार सारे श्रम वाया घालवते. खरे कौशल्य लाल दारांपाशी दिसते, कारण खडकाच्या आडोशाला पाणी उलटे वळते आणि जाणता खेळाडू दंडाच्या जोरावर प्रवाहाशी झगडण्याऐवजी त्या उलट्या पाण्यात होडी घालून नदीकडूनच वर ढकलून घेतो. बाहूंच्या बळापेक्षा पाणी वाचण्याची नजर येथे मोठी ठरते, आणि या खेळाचे सौंदर्यही त्यातच आहे.

१९७२च्या म्यूनिक ऑलिंपिकमधील स्लॅलमसाठी आउग्सबुर्ग येथे लेख नदीच्या पाण्यावर खास कृत्रिम प्रवाह बांधण्यात आला. त्यानंतर वीस वर्षे वगळला गेलेला स्लॅलम १९९२च्या बार्सिलोना स्पर्धेत परतला आणि पुढे कायम राहिला. महिलांची कनू टोकियोत आली, तर अनेक होड्या एकाच वेळी उतारावरून पाण्यात झेपावतात ती कयाक क्रॉस २०२४ साली पॅरिसमध्ये.

सर्व खेळाडूंना सारखेच पाणी मिळाले नाही तर सेकंदांची तुलना निरर्थक ठरते, म्हणून अशा शर्यतीची पहिली गरज भरवशाचा प्रवाह ही असते. केरळच्या कोझिकोड जिल्ह्यात देशोदेशींचे कयाकपटू जमतात तो मलबार रिव्हर फेस्टिव्हल ऐन पावसाळ्यात भरतो. गोव्यातील म्हादईवरचे राफ्टिंगही पावसावरच चालते. काळीचे तसे नाही. १०१ मीटर उंचीच्या सुपा धरणाच्या पायथ्याशी, गणेशगुडीच्या वीजगृहातून सुटणारे पाणी पाऊस सरल्यावरही नदी खळाळती ठेवते. कोलाडजवळच्या कुंडलिकेवरील राफ्टिंगही भिऱ्याच्या वीज प्रकल्पातून सुटणाऱ्या पाण्यावर चालते. सुपा धरणापायी जुने सुपे गाव बुडाले आणि तेथील लोक रामनगरला वसवले गेले, ही किंमत या पाण्यामागे आहे, आणि त्याचा लाभ याच परिसरातील मुलांना खेळाडू म्हणून मिळणे न्याय्य ठरेल. नदीपात्रातच स्पर्धा घेता येते हे महेश्वरने दाखवले आहे: अहिल्याबाई होळकरांच्या या नगरीजवळ सहस्रधारा येथे नर्मदा खडकांतून असंख्य धारांनी फुटते, आणि त्याच प्रवाहावर फेब्रुवारी २०२३ मध्ये खेलो इंडिया युवा क्रीडा स्पर्धांतील स्लॅलम झाला. गणेशगुडीला मात्र पाणी विजेच्या मागणीप्रमाणे सुटते, तेव्हा तेथे दारे टांगायची तर वीजगृहाचे वेळापत्रक आणि सरावाचे वेळापत्रक आधी एकत्र बसवावे लागेल.