गहाळ पार्सलाचा माग

टपालाने जाणारे पार्सल प्रवासात क्वचितच एकटे असते. खिडकीवर त्याची नोंद झाली की त्याच दिशेला जाणाऱ्या इतर वस्तूंबरोबर ते एका थैलीत भरले जाते, थैलीचे तोंड बंद करून तिला स्वतःचा क्रमांक दिला जातो, आणि पुढच्या काही टप्प्यांपर्यंत टपाल यंत्रणेला दिसते ती केवळ थैली; आतल्या पार्सलाची स्वतंत्र नोंद पुन्हा होते ती वर्गीकरण केंद्रात थैली उघडल्यावरच. या रचनेमुळे गहाळ पार्सलाच्या शोधाला एक निश्चित दिशा मिळते. ज्या ठिकाणी वस्तू एका कार्यालयाच्या ताब्यातून दुसऱ्याच्या ताब्यात जाते, तिथेच ती नजरेआड होण्याचा संभव सर्वाधिक असल्याने, शेवटची खात्रीची नोंद आणि त्यानंतर अपेक्षित असूनही न झालेली नोंद, या दोहोंमधली जागा ओळखणे हे शोधाचे पहिले काम ठरते.

त्यासाठी लागणारे साधन म्हणजे पावतीवरचा तेरा स्थानांचा क्रमांक. त्यातली पहिली दोन अक्षरे सेवेचा प्रकार दाखवतात, मग नऊ अंक येतात, आणि शेवटची ‘आयएन’ ही अक्षरे भारताची असतात. ही मांडणी १८७४ मध्ये स्थापन झालेल्या जागतिक टपाल संघाच्या मानकानुसार केलेली आहे. नऊ अंकांपैकी शेवटचा हा पडताळणीचा अंक असून तो आधीच्या आठ अंकांवरून ठरावीक गणिताने काढला जातो, त्यामुळे क्रमांक टंकताना झालेली चूक बहुधा लगेच उघडकीस येते. पावती फेकून देणाऱ्याजवळ हा क्रमांक उरत नाही, आणि क्रमांकावाचून केलेल्या तक्रारीत तपास करणाऱ्याला धरण्याजोगे फारसे काही नसते.

क्रमांकावरून मिळणाऱ्या नोंदी वाचण्याची एक पद्धत आहे. नोंदणीनंतर एकही नोंद नसेल, तर चौकशी ज्या कार्यालयात पार्सल दिले तिथूनच सुरू करावी लागते. थैली रवाना झाली पण पुढच्या केंद्रात पोहोचल्याची नोंद नसेल, तर प्रश्न एका पार्सलाचा नसून संपूर्ण थैलीचा असतो, आणि अशी थैली उशिरा का होईना सापडण्याची शक्यता बरी असते. थैली पोहोचली, उघडली गेली, परंतु पार्सलाची नोंद झाली नाही, ही स्थिती अधिक गंभीर मानावी, कारण पार्सल चुकीच्या थैलीत पडलेले असते, त्यावरची चिठ्ठी निघालेली असते किंवा वेष्टन फाटून आतला ऐवज बाहेर आलेला असतो. वाटपाच्या कार्यालयातून ‘दार बंद’ असा शेरा आला असेल, तर पार्सल बहुधा तिथेच ठेवलेले असते आणि ठरावीक दिवसांनंतर ते पाठवणाऱ्याकडे परत निघते. म्हणून अशा वेळी तक्रार लिहीत बसण्यापेक्षा त्या कार्यालयात ओळखपत्र घेऊन जाणे श्रेयस्कर. ‘वाटप झाले’ अशी नोंद असूनही वस्तू मिळाली नसेल, तर ती कोणाच्या हाती दिली आणि सही कोणाची घेतली, हे त्या कार्यालयाकडे लेखी विचारावे.

भरकटलेल्या पार्सलांमागे पुष्कळदा पत्त्यातली चूक असते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली पिन कोडची पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतज्ञ मराठी अधिकाऱ्याने आखली. त्यातला पहिला अंक देशाचा विभाग, दुसरा उपविभाग, तिसरा वर्गीकरणाचा जिल्हा आणि शेवटचे तीन अंक वाटपाचे कार्यालय दर्शवतात. वर्गीकरण या अंकांवर चालत असल्याने, कोल्हापूरकडच्या ४१६ ऐवजी ४६१ लिहिले गेले, तर पार्सल मध्य प्रदेशातील नर्मदापुरमच्या दिशेने जाऊ शकते, जरी गावाचे नाव अचूक लिहिलेले असले तरी.

ज्या वस्तूवर घेणाऱ्याचा वा पाठवणाऱ्याचा कोणताच पत्ता उरत नाही, ती ‘रिटर्न्ड लेटर ऑफिस’ या कार्यालयाकडे जाते. टपाल उघडून आत पत्ता शोधण्याचा अधिकार तिथल्या नियुक्त कर्मचाऱ्यांना असतो. १८९८ च्या टपाल कायद्यानुसार अशा टपालातली रोकड आणि नाशवंत नसलेल्या विक्रीयोग्य वस्तू वर्षभर सांभाळून, कोणी हक्क सिद्ध केला नाही तर रक्कम सरकारजमा करण्याची आणि वस्तू विकण्याची तरतूद होती. पार्सलाच्या आत, सामानाच्या अगदी वर, दोन्ही पत्ते आणि वस्तूंची यादी लिहिलेला कागद ठेवण्याचे महत्त्व इथे कळते: बाहेरची चिठ्ठी गेली तरी तो कागद पार्सलाला घरचा रस्ता दाखवतो.

तक्रारीत क्रमांक, तारीख, नोंदणीचे कार्यालय, वजन, वेष्टनाचे वर्णन, आतील वस्तू आणि शेवटची नोंद इतका तपशील असावा, आणि थैली कोणत्या क्रमांकाची होती व ती कोणी उघडली, हे नेमकेपणाने विचारावे. समाधान झाले नाही, तर विभागीय अधीक्षक, केंद्र सरकारची तक्रार निवारण प्रणाली, डाक अदालत आणि माहितीचा अधिकार हे मार्ग आहेत. टपालाचे अभिलेख ठरावीक मुदतीनंतर नष्ट केले जात असल्याने विलंब महागात पडतो. परदेशी पार्सलाबाबत चौकशीची आंतरराष्ट्रीय मुदत सहा महिन्यांची आहे. दिवाळीचा फराळ परदेशातल्या मुलानातवंडांना पाठवणाऱ्या घरांनी हेही ध्यानात घ्यावे, की गहाळ वाटणारे पार्सल कित्येकदा त्या देशाच्या सीमाशुल्क तपासणीत अडकलेले असते आणि आतील पदार्थांची संदिग्ध माहिती त्याला कारण ठरते.

भरपाईची बाजू मात्र दुबळी आहे. १८९८ च्या कायद्याच्या सहाव्या कलमाने, सरकारने स्पष्ट शब्दांत स्वीकारलेली जबाबदारी वगळता, टपाल गहाळ होण्याच्या दायित्वातून सरकारला मुक्त ठेवले होते, आणि १८ जून २०२४ पासून लागू झालेल्या २०२३ च्या कायद्यानेही हेच तत्त्व पुढे चालवले. खाजगी कुरिअरच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये भारती निटिंग कंपनीच्या खटल्यात, सही केलेल्या पावतीवरची १०० डॉलरची मर्यादा ग्राहकावर बंधनकारक ठरवली. मौल्यवान वस्तू विमा उतरवूनच पाठवावी, हा सल्ला या कायदेशीर वास्तवातून येतो.

भरपाई इतकी मर्यादित असताना पाठवणाऱ्याच्या हाती खरोखर उरते ती नोंद. म्हणूनच थैलीच्या प्रत्येक हस्तांतराची माहिती तक्रारदाराला न मागता मिळाली पाहिजे, आणि ‘चौकशी चालू आहे’ या एका वाक्यावर तक्रार बंद करण्याची पद्धत थांबली पाहिजे. कायद्याने ज्या संस्थेला पैशाच्या जबाबदारीतून सवलत दिली, तिच्यावर वस्तू कुठे थांबली हे सांगण्याची जबाबदारी त्याच प्रमाणात वाढते.