सावडीचा धर्म

चेन्नईच्या दक्षिणेस पेरुंगुडी नावाची वस्ती आहे. शेजारी पल्लिकरणैची दलदल आणि रस्त्याच्या कडेने संगणक-व्यवसायाच्या उंच इमारती, असे तेथील दृश्य. या इमारतींतील माणसे ज्या साधनांवर रोज विसंबतात, त्यांपैकी पुष्कळशी मुक्तस्रोत आज्ञावली होत. त्यांची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि दुसऱ्यास देता येते. मग ज्या वस्तूचा कोणी एक धनी नाही, तिच्या कर्त्यांशी आपण वागावे तरी कसे?

पेरुंगुडीच्या उत्तरेस तरमणी लागते. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेचे एक केंद्र तेथे आहे. या चेन्नई केंद्राने २००७ साली ‘बॉस’ ही संगणकप्रणाली लोकांपुढे ठेवली. मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय तिच्यात आहे. मात्र तिचा पाया येथे घातलेला नाही. तो डेबियन या प्रणालीचा आहे. इयान मर्डॉक या अमेरिकन विद्यार्थ्याने १९९३ साली आरंभिलेले हे कार्य जगभरचे स्वयंसेवक आजही चालवितात.

आपल्या खेड्यांतील सावडीची चाल श्रोत्यांस ठाऊक असेलच. आज चौघे आपले बैल घेऊन माझ्या शेतात येतात. उद्या मला त्यांच्या शेतात जावे लागते. त्याचा हिशेब कोणी वहीत मांडीत नाही, पण विसरतही नाही. मुक्तस्रोताचा व्यवहार नेमका असाच आहे. समजा, एखाद्या कंपनीने अशा आज्ञावलीतील दोष दुरुस्त केला आणि ती दुरुस्ती स्वतःपाशीच ठेवली. मूळ आज्ञावलीची नवी आवृत्ती आली, की तीच दुरुस्ती पुन्हा करणे तिला भाग पडते. तीच मूळ कर्त्यांकडे पाठविली, तर पुढे ती सर्वांच्या सांभाळात राहते. म्हणजे औदार्य आणि स्वार्थ येथे एकाच वाटेने चालतात.

परंतु पाठविण्याचीही एक रीत आहे. मोठा बदल हाती घेण्यापूर्वी कर्त्यांचा विचार घ्यावा. दोष कळविताना तो केव्हा व कसा दिसतो, हे नेमके सांगावे. बदल लहान लहान तुकड्यांनी द्यावा आणि नकार आला, तर त्यामागील कारण समजून घ्यावे. समोरचा माणूस बहुधा आपला फावला वेळ खर्चीत असतो. त्याला चाकराप्रमाणे तगादा लावू नये.

हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नाही. माहिती आकुंचित करणारी ‘एक्सझेड’ ही आज्ञावली अनेक वर्षे प्रायः एकच स्वयंसेवक सांभाळीत होता. कामाच्या भाराने तो थकला असता काही अनोळखी नावांनी त्याच्यावर दडपण आणले. दुसऱ्या एका अनोळखी व्यक्तीने साहाय्याच्या मिषाने दोनएक वर्षांत त्याचा विश्वास संपादिला आणि २०२४ साली तीत चोरवाट घातली. डेबियनच्या अस्थिर आवृत्तीवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास, दूरच्या संगणकात प्रवेश मिळण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढेच जाणवले. त्याने छडा लावला, म्हणून ती चोरवाट डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत पोचली नाही.

त्या आज्ञावलीचा लाभ घेणाऱ्या संस्था जगभर असंख्य होत्या. त्यांपैकी एखादीने जरी आपला एक माणूस वेळीच त्या थकलेल्या स्वयंसेवकाच्या मदतीस दिला असता, तर त्या परक्याला तेथे जागाच उरली नसती. शेजाऱ्याचा बैल बसला आहे काय, हे पाहणे हासुद्धा सावडीचाच भाग आहे.