सीताफळाची बी आणि टम्म गोचीड

रक्त पिऊन टम्म झालेली मादी गोचीड प्रयोगासाठी हवी असेल, तर गोठा उजाडायच्या आत गाठावा लागतो. पोट भरलं की ती पहाटेच्या सुमारास गाईच्या अंगावरून आपणहून गळून पडते आणि अंडी घालायला गव्हाणीच्या बुडाशी, भिंतीच्या भेगेत, शेणाच्या पोपड्याखाली शिरते. अंगावरून ओढून काढली तर तोंड कातडीतच तुटतं आणि ती आमच्या कामाची राहत नाही. म्हणून बॅटरीच्या उजेडात, चिमट्यानं, जमिनीवरूनच वेचायची. मालकाला आधी एकच विचारायचं: गेल्या महिन्याभरात गाईवर कसली फवारणी केली का, इंजेक्शन दिलं का? हो म्हणाला, तर पुढचा गोठा. औषध आधीच चाखलेल्या गोचिडावर वनस्पतीची परीक्षा घेता येत नाही.

हा खटाटोप का, ते गोठेवाल्याला सांगावं लागत नाही. गोचीड तापानं संकरित गाय दोन-चार दिवसांत आडवी झालेली त्यानं पाहिलेली असते. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन फवारूनही गोचीड पुरते मरत नाहीत, हेही तोच सांगतो. देशात अनेक ठिकाणी गोचिडांनी या औषधांना दाद देणं सोडलं आहे आणि तशा नोंदी शास्त्रीय नियतकालिकांत आहेत. त्यामुळे करंज, कडुनिंब, वेखंड, सीताफळ यांच्याकडे पुन्हा वळणं ही निकड आहे.

सीताफळाची बी आपल्याकडे मुबलक. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, गर काढून विकण्याचा धंदाही वाढतो आहे आणि बी टाकून दिली जाते. ती सावलीत वाळवायची, दळायची, मिथेनॉलमध्ये अर्क काढायच्या सॉक्सलेट यंत्रावर चढवायची. द्रावक उडवून टाकला की तळाशी चिकट, तपकिरी अर्क उरतो. दळताना चष्मा आणि मुखपट्टी लावल्याशिवाय मी कुणाला यंत्राजवळ उभं राहू देत नाही. उवांसाठी ही पूड डोक्याला चोळून डोळ्यांना इजा झालेले रुग्ण नेत्रतज्ज्ञांकडे येतात. गोचिडाला मारणारे यातले ॲसिटोजेनिन पेशीतली ऊर्जानिर्मितीच बंद पाडतात. गोचिडाची पेशी आणि आपली पेशी यात ते फारसा भेद करत नाहीत.

अर्क नुसत्या पाण्यात विरघळत नाही, म्हणून डीएमएसओ हा दुसरा द्रावक थोडा घालावा लागतो. इथेच कामाचा खरा कस लागतो. वेचलेल्या माद्या धुऊन, टिपून, तोलून दहा-दहांचे गट पाडायचे. काही गट अर्काच्या वेगवेगळ्या तीव्रतेत दोन मिनिटं बुडवायचे, एक डेल्टामेथ्रिनमध्ये आणि एक नुसत्या डीएमएसओच्या पाण्यात. हा शेवटचा गट ज्यांनी ठेवलेला नाही, त्यांच्या निष्कर्षावर मी विश्वास ठेवत नाही. माद्या मेल्या त्या बियांनी की द्रावकानं, हे त्याशिवाय कळणारच नाही.

मग माद्या ठेवलेल्या बशा २८ अंशाला, ८५ टक्के आर्द्रतेत. दुसऱ्या दिवशी बशी उघडून हलकी फुंकर घालायची. आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडनं जिवंत मादी पाय हलवते. पण मेली की जगली, एवढ्यावर थांबणारा फसतो. निरोगी मादी दोन-तीन हजार अंडी घालते. तपकिरी, चकचकीत, एकमेकांना चिकटलेला घोस असतो तो. अर्कातली मादी पाय हलवत असते, पण तिच्यापुढे पाच-पन्नास कोरडी, सुटी, सुरकुतलेली अंडी पडलेली असतात. कडुनिंबात हे विशेष दिसतं. मादी दिवसेंदिवस जगते आणि तिचा वंश मात्र खुंटतो. म्हणून अंडी तोलायची, मादीच्या वजनाशी ताडून पाहायची, कुपीत कापसाचा बोळा लावून तीन आठवडे थांबायचं. नुसत्या द्रावकाच्या कुपीत तेव्हा पिल्लांची वळवळ बोळ्यापर्यंत चढलेली असते. फवारल्या संध्याकाळी गोचीड पटापट गळालेले हवेत, अशी आपली सवय आहे. त्या सवयीपायी चांगल्या वनस्पती नापास होतात.

उलटही होतं. एखाद्या पाल्याच्या पाच टक्के अर्कानं सगळ्या माद्या मेल्या, असं वाचलं की मी कागद-पेन्सिल घेते. पाच टक्के म्हणजे लिटरला ५० ग्रॅम अर्क. वाळलेल्या पानांतून दहा टक्के अर्क निघाला असं धरलं, तर लिटरमागे अर्धा किलो पूड. एक गाय नीट भिजवायला दोन-तीन लिटर पाणी लागतं. म्हणजे एका गाईच्या एका फवारणीला किलो-दीड किलो वाळलेला पाला आणि वर मिथेनॉलचा खर्च. शिवाय बशीत ऊन नसतं, पाऊस नसतो, गाय अंग चाटत नाही. कडुनिंबातलं ॲझाडिरेक्टिन उन्हात लवकर विघटित होतं. वेखंडातल्या बीटा-ॲसरोननं उंदरांत गाठी झाल्याचं माहीत आहे, मग ते दुभत्या जनावरावर किती फवारायचं? नैतिकता समितीची परवानगी, कातडीची तपासणी, दुधाची तपासणी, हे सगळं बशीनंतर सुरू होतं आणि बहुतेक वनस्पतींचा अभ्यास बशीतच संपतो. हे मला फार खुपतं.

अर्क कसा काढला, यावरही पुष्कळ ठरतं. २०१५ चं वैद्यकाचं नोबेल परजीवींवरच्या औषधांना मिळालं, त्यात तू योयो यांचं हिवतापावरचं आर्टेमिसिनिन होतं. ते ज्या वनस्पतीतून निघतं, तिचा गुण उकळल्यानं जात होता. जुन्या चिनी ग्रंथातली थंड पाण्यात भिजवून पिळण्याची कृती वाचून त्यांनी कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरलं आणि काम झालं. आम्ही सॉक्सलेटवर तासन्‌तास तापवतो. गावातली म्हातारी बाई तोच पाला रात्रभर ताकात भिजवत असेल, तर आम्ही तिची वनस्पती तपासली, तिचं औषध नाही.

म्हणून गोठा सांभाळणाऱ्यांना सांगणं आहे. तुमच्याकडे एखादा पाला, साल, बी गोचिडावर लागू पडत असेल, तर नुसतं नाव सांगू नका. कोणता भाग, कोणत्या महिन्यात तोडला, ओला की वाळलेला, किती पाण्यात, उकळून की भिजवून, किती दिवसांनी फरक दिसला, हे लिहून जवळच्या पशुवैद्यकाला द्या. झाडाची फुलांसकट एक फांदीही द्या. आणि सीताफळाच्या बियांचं पाणी तोवर जनावराच्या डोळ्यांजवळ, कासेवर आणि जखमेवर लावू नका.