वोविचचे कागदी कोंबडे

मेंढ्यांची लोकर कातरायच्या कातरीने कागद कापायचा, आणि तोही इतका बारीक की कोंबड्याच्या शेपटीतलं एकेक पीस सुटं दिसावं, हे ऐकून चटकन विश्वास बसत नाही. ही कातर म्हणजे पोलादाची पट्टी वाकवून केलेलं जड हत्यार. मधे खिळा नाही, बोटं अडकवायला कड्या नाहीत. मूठ आवळली की पाती मिटतात, सैल सोडली की आपोआप उघडतात. पोलंडमध्ये वॉर्सापासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर वोविच नावाचं शहर आहे. त्याच्या भोवतालच्या खेड्यांतल्या बायकांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेच हत्यार हाती घेऊन एक कला उभी केली. पेन्सिलीने आधी काही आखायचं नाही, छापा ठेवायचा नाही. कागदाची घडी घालायची आणि कातर चालवायची. वळण आलं की कातरीऐवजी कागद फिरवायचा.

या कातरकामाला पोलिश भाषेत वित्सिनांकी म्हणतात. ते होतं घराच्या भिंतींसाठी, आणि त्याचा मोसम ठरलेला होता. ईस्टर जवळ आला की घर झाडूनपुसून, भिंतींना चुना देऊन पांढरंशुभ्र केलं जायचं. गेल्या वर्षीचे विटलेले कागद खरवडून टाकायचे आणि नव्या भिंतीवर नवे डकवायचे. ईस्टर येतो मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये. तिथला हिवाळा लांबलेला असतो, झाडांना अजून पुरती पालवीही फुटलेली नसते. त्यामुळे गावात वसंत आधी भिंतींवर यायचा आणि मग शेतात.

कागद आपल्या ओळखीचाच. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मिळायचा तो घोटीव कागद, एका अंगाला चकचकीत रंग आणि मागून पांढरा. कारखान्यात तयार झालेला हा कागद स्वस्त होऊन खेड्यापाड्यांत मिळू लागला आणि कातरकामाला बहर आला. पण नुसत्या कागदाने हे घडलं नसतं. त्याआधी घरातला धूर जावा लागला. जुन्या शेतकरी घरांना धुराडंच नसे. चुलीचा धूर छपरातून वाट काढीपर्यंत घरभर कोंडायचा आणि भिंती काळ्याकुट्ट व्हायच्या. अशा भिंतीवर कोण कशाला रंगीत कागद लावील? पोलंड तेव्हा नकाशावर नव्हता, शेजारच्या तीन सत्तांनी तो वाटून घेतला होता. वोविच रशियाच्या वाट्याला आलं होतं. तिथल्या कुळांना १८६४मध्ये जमिनीची मालकी मिळाली. हातात थोडा पैसा खेळू लागला तशी घरं सुधारली, चुलींना धुराडी आली, खिडक्या मोठ्या झाल्या. भिंत वर्षभर पांढरी राहू शकते हे दिसल्यावर ती सजवावीशी वाटली. लोककला म्हटलं की ती ‘अनादि काळापासून’ चालत आली असं म्हणायची आपल्याला सवय आहे. ही कला मात्र धुराडं, जमिनीचा कायदा आणि कारखान्यातला कागद एकत्र आल्यावर जन्मली, आणि त्यामुळे ती मला मुळीच कमी अस्सल वाटत नाही.

वोविचच्या कामाची खूण म्हणजे रंगावर रंग. समजा, कोंबडा करायचा आहे. आधी गडद कागदातून, बहुधा काळ्या, अख्खा कोंबडा कापायचा: तुरा, मान, छाती, पाय आणि उधळलेली शेपटी. हा झाला तळ. मग हिरव्या कागदातून त्याच शेपटीचं थोडं लहान पीस, त्यावर लाल, त्यावर गुलाबी, शेवटी पिवळ्याची बारीकशी चीर. प्रत्येक थर खालच्यापेक्षा किंचित आखूड, म्हणजे खालच्या रंगाची कड सगळीकडून दिसत राहते. कडांना दाते पाडलेले असतात. कातरीच्या टोकाने टचटच करत पाडलेले हे दाते मोजून पाडत नाहीत, पण अंतर चुकत नाही. कोंबडे जोडीने हवे असतील तर कागद दुमडून दोन्ही एकदम कापायचे, उघडल्यावर ते समोरासमोर उभे राहतात. फुलाचंही तसंच. मोठी पाकळी, तिच्या पोटात लहान पाकळी, तिच्या पोटात आणखी लहान. चिकटवायला पिठाची खळ.

यातून ठरलेले प्रकार झाले. गोल असते ती ग्व्याझ्दा, म्हणजे तारा. वर एक गोल बिल्ला आणि त्याखाली दोन फिती लोंबणाऱ्या, ती ताश्येम्का. आणि आडवी लांबट असते ती कोद्रा. मला सर्वांत प्रिय कोद्राच, कारण तिच्यात गाव असतं. लग्नाची वरात, नाचणारी जोडपी, वाजंत्री, चर्चला निघालेली माणसं, शेतातली कामं, सगळं कागदातून. बायकांच्या घागऱ्यांवर वोविचच्या लोकरी कापडाचे उभे पट्टे असतात आणि ते पट्टेसुद्धा एकेक सुटा कापून लावलेला असतो. बोटभर उंचीच्या बाईच्या घागऱ्यावर सहा-सात रंगांच्या चिंध्या! काम करणारीला आपल्या गावची प्रत्येक चीज महत्त्वाची वाटल्याशिवाय इतकी चिकाटी येत नाही.

ईस्टरला अंडी रंगवायची चाल युरोपभर आहे. वोविचच्या बायकांनी तिथेही कागद आणला. अंड्याला भोक पाडून आतला बलक फुंकून काढायचा आणि रिकाम्या कवचावर नखाएवढी फुलं नि कोंबडे डकवायचे. कधी त्याच कवचाला कागदाची मान, चोच आणि कान लावून छोटी सुरई केली जाते. सपाट कागद गोल अंड्यावर बसवताना सुरकुती पडू द्यायची नाही, हे या कामातलं सगळ्यात अवघड.

घराच्या तुळईला मधोमध आणखी एक वस्तू टांगलेली असायची, पायोंक, म्हणजे कोळी. गव्हाच्या किंवा राय या धान्याच्या काड्यांचे तुकडे आणि कागदी फुलं दोऱ्यात ओवून केलेलं झुंबर. कुठे त्यात वाटाणे किंवा घेवड्याच्या बियाही ओवायच्या. दार उघडलं की वाऱ्याच्या झुळकीने ते हळूच फिरू लागतं. आकाशकंदिलाच्या काड्या बांधलेल्या हाताला त्याचा तोल सांभाळणं किती कठीण आहे ते सांगावं लागणार नाही.

वित्सिनांकी वोविचपुरत्याच नाहीत. वॉर्साच्या ईशान्येला कुर्पिये नावाचा जंगलपट्टा आहे. तिथला कागद एकरंगी. थर नाहीत, चिकटवाचिकटवी नाही, जे काही आहे ते एका घडीत आणि एका रंगात. तिथली लेलुया म्हणजे मधोमध उभी घडी घालून कापलेलं झाड, पायथ्याशी बहुधा समोरासमोर कोंबडे. ताऱ्यासाठी कागद पुन्हापुन्हा दुमडतात. मग घडी इतकी जाड होते की कातर दमते, आणि उघडल्यावर एकेक छेद सोळा ठिकाणी उमटतो. वोविचला चूक झाली तर तिच्यावर एक फूल चिकटवता येतं. कुर्पियेत ती सोय नाही. नजर वोविचकडे ओढली जाते, पण कारागिरीचा कस लागतो तो कुर्पियेत, असं माझं मत आहे. याच कुर्पियेतल्या विसे गावात ईस्टरच्या आधीच्या रविवारी हिरवा पाला आणि पातळ कागदाची शेकडो फुलं बांधून माणसाहून कितीतरी उंच काठ्या मिरवतात. त्यांना ‘पाम’ म्हणतात, कारण खऱ्या ताडाची पानं त्या थंडीत मिळायची कुठून?

पोलंडमधले ज्यूही कागद कापत. त्यांचा शावुओत हा सण वसंत सरताना येतो आणि त्या वेळी खिडकीच्या काचेला कातरलेली कागदी फुलं लावायची रीत होती. गिझा फ्रँकेल या संशोधक बाईंनी १९२९मध्ये या ज्यू कातरकामावर लेख प्रसिद्ध केला, म्हणून आज आपल्याला त्याची नीट माहिती आहे. दहा वर्षांनी युद्ध सुरू झालं. ते कागद कापणारे हात, त्या खिडक्या आणि ज्या गल्ल्यांतून त्या दिसत त्या गल्ल्याही नाहीशा केल्या गेल्या. खेड्यातल्या भिंतींवरची कला बदलली, पण जगली. ही मारली गेली, आणि वित्सिनांकीबद्दल लिहिताना हे गाळून पुढे जाणं मला पटत नाही.

   

युद्धानंतर १९४९मध्ये पोलिश सरकारने लोककारागिरांच्या वस्तू विकण्यासाठी ‘त्सेपेलिया’ ही संस्था काढली. कागद भिंतीवरून उतरून पुठ्ठ्यावर आला. पुठ्ठ्यावर लावलेला कोंबडा शहरात विकता येतो, परदेशी पाठवता येतो, चौकटीत बसतो. खेड्यातल्या बाईच्या हाती तिच्या कलेचे रोख पैसे येऊ लागले, हे मोठंच काम झालं. नुसत्या कौतुकावर कोणाचं पोट भरत नाही. पण किंमतही मोजावी लागली. भिंतीवरचा कागद वर्षभरात जायचा, म्हणून दर वसंतात काहीतरी नवं सुचावं लागायचं. शेजारणीच्या घरात गेल्या वर्षी काय होतं ते सगळ्यांना पाठ असायचं. गिऱ्हाईकाला मात्र ओळखीचाच कोंबडा हवा असतो. आकार ठरून गेले, रंगांचा क्रम ठरून गेला. आज वोविचचा कोंबडा कपांवर, पिशव्यांवर, गालिच्यांवर छापलेला दिसतो. २०१० साली शांघायच्या जागतिक प्रदर्शनात पोलंडने तर अख्खा मंडपच वित्सिनांकीसारखा उभारला. त्याच्या भिंतींत नक्षी कोरलेली होती, दिवसा आत उजेडाचे ठिपके पडायचे आणि रात्री बाहेर रंगीत प्रकाश. मला तो मंडप मनापासून आवडतो, कारण त्या वास्तुविशारदांनी कोंबडा उचलला नाही, छेद उचलला. कागदात जे कापून काढून टाकलेलं असतं त्यातच ही कला आहे, हे त्यांनी ओळखलं.

वोविचजवळ माउझित्से इथे जुन्या शेतकरी घरांचं उघड्यावरचं संग्रहालय आहे. तिथल्या खोल्या पूर्वीसारख्या मांडून ठेवल्या आहेत. पांढरी भिंत, पवित्र चित्रांची रांग, रंगीत कागद आणि वर पायोंक एकत्र पाहिल्यावर पुठ्ठ्यावरचा एकटा कोंबडा अपुरा का वाटतो ते उमजतं.

कोणी पोलंडहून असा कोंबडा आणून दिला, किंवा तिकडे जाऊन विकत घ्यायचा झाला, तर त्यावरून अलगद बोट फिरवून पाहावं. हाताने कापलेल्या कामात थर लागतात. शेपटीच्या पिसांना पायऱ्या असतात, दात्यांमध्ये एखादा किंचित मोठा निघतो. छापलेला असेल तर बोट सरळ घसरत जातं. किमतीत फरक पडतो, पण थरांच्या कामाचे पैसे अजून कातर धरणाऱ्या बाईच्या घरी जातात.