दौलत आणि खासगी

आमच्या घरात हिशेबाच्या दोन वह्या आहेत. लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही म्हणजे ‘दौलत’ आणि साधी दोनशे पानी म्हणजे ‘खासगी’. नावं माझ्या सासऱ्यांनी ठेवली. दादा इंदूरच्या एका कापड गिरणीत हिशेबनीस होते. 1988 साली लग्न होऊन मी लोकमान्य नगरात आले आणि पहिल्याच आठवड्यात खासगी उघडून पाहिली. आत लिहिलेलं: ‘सराफा. साबुदाण्याची खिचडी, चौघं. रबडी, दोघं.’ मला हसू आलं. खिचडीलासुद्धा वेगळी वही!

दादांनी ही पद्धत होळकरांकडून उचलली होती. 1734 साली बाजीराव पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना स्वतंत्र उत्पन्न लावून दिलं. ती खासगी. राज्याचा महसूल ती दौलत. पुढे खासगी अहिल्याबाईंकडे आली. काशीचं विश्वनाथ मंदिर असो की ठिकठिकाणचे घाट, विहिरी आणि धर्मशाळा, त्यांनी धर्मकार्याचा खर्च या खासगीतून केला. दादांनी आपल्या दीड खोलीच्या संसारापुरता त्यातून एवढाच अर्थ काढला, की मनासारखं करायचं ते वेगळ्या थैलीतून करावं. पगार झाला की हजारामागे शंभर रुपये आधी खासगीत पडायचे. उरलेल्यात घर चालवायचं आणि तिथे मात्र पैशापैशाचा हिशेब.

नव्वदीच्या सुमारास इंदूरच्या गिरण्या एकेक करत थंडावल्या. दादांचीही बंद पडली. त्या रात्री त्यांनी दोन्ही वह्या पुढ्यात घेतल्या. दौलतीतलं वर्तमानपत्र, रिक्षा, तयार मसाले अशा कितीतरी ओळी त्यांनी खोडल्या. मला वाटलं, आता खासगीला पूर्णविराम. त्यांनी फक्त शंभराचे चाळीस केले आणि म्हणाले, ‘‘आकडा लहान होऊ दे सूनबाई, वही बंद करायची नाही.’’

आज दादा नाहीत. मी शाळेतून निवृत्त झाले, हेही निवृत्त. दोघांचं भागतं, पण उधळायला नाही. तरी ‘तुमचं बरं चाललंय’ असं शेजारी म्हणतात, त्याचं गुपित दौलतीच्या वहीत आहे.

त्यातली सर्वांत मोठी नोंद चैत्र-वैशाखातली. माळव्यात वर्षाचा गहू तेव्हाच भरतात. छावणीच्या धान्य मंडईत नवा गहू आला की आम्ही दीड क्विंटल घेतो. रोजच्या पोळीला लोकवन, सणावाराला थोडा शरबती. गच्चीवर कडक ऊन द्यायचं, एरंडेलाचा हात फिरवायचा आणि कोठीत भरायचा. हंगामात भाव उतरलेला असतो आणि माल डोळ्यांदेखत निवडता येतो. घाऊक घेतलं की स्वस्त, हा नियम मात्र सगळ्याला लागू नाही. एकदा तेलाचा पंधरा किलोचा डबा आणला. दोन माणसांच्या घरात तो संपेना, शेवटी तेलाला वास लागला. टिकतं ते वर्षाचं घ्यावं, नासतं ते आठवड्याचं.

दुसरी नोंद सौर चुलीची. ही मी पहिल्यांदा सनावदियाला जनक पलटा मॅकगिलिगन यांच्या केंद्रात चालताना पाहिली. इंदूरजवळच्या या गावात त्या स्वतः सूर्यावर रांधतात आणि लोकांनाही शिकवतात. 2015 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमची चूल म्हणजे साधी पेटी. आत काळा रंग, वर दुहेरी काच, झाकणाला आरसा. आरसा ऊन आत ढकलतो, काळा पत्रा ते शोषतो आणि काच ती धग बाहेर जाऊ देत नाही. दहाला डाळ-तांदूळ लावले की साडेबाराला तयार. करपण्याची भीती नाही, म्हणून मी तेवढ्यात वाचत बसते. पावसाळ्यात पेटी कोपऱ्यात जाते, पण उन्हाळ्यात आमचा सिलिंडर दुपटीने पुरतो.

तिसरी नोंद पैशात मोठी नाही, पण पाण्याची आहे. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो. हे नर्मदेचं पाणी. जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर, विंध्याचा चढ चढून इंदुरात येतं. 1978 साली ते पहिल्यांदा पोचलं. एवढी वीज जाळून आलेलं पाणी मोरीत सोडायला हात धजत नाही. फिल्टरमधून वाया जाणारं पाणी बादलीत धरते, त्यावर लादी पुसून होते. भाज्या धुतलेलं गोडलिंबाच्या कुंडीला जातं.

आता खासगी. सराफ्यात दागिन्यांची दुकानं बंद झाली की ओट्यांवर खाऊची दुकानं लागतात, तिथे महिन्यातून एकदा. थंडीत तळलेले गराडू कंद, वर जिरावन मसाला भुरभुरलेला. पोहे मात्र घरीच. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर चाळण ठेवून वाफवते, बडीशेप विसरत नाही. जिलबी तेवढी बाहेरून. ‘सानंद’ संस्थेची वर्षाची वर्गणी याच वहीतून, कारण मराठी नाटक इंदुरात बसून बघायला मिळणं ही आमची श्रीमंती. पाच-सहा वर्षांतून एक चांगली महेश्वरी. पहिली 1999 साली घेतली, तिचा जरीकाठ अजून शाबूत आहे. तेवढ्या काळात शेजारणीच्या स्वस्त साड्या किती आल्या-गेल्या, मोजदाद नाही. आणि सिरपूर तलाव. 2022 साली त्याला पाणथळ जागांच्या रामसर यादीत जागा मिळाली. हिवाळ्यात डबा आणि दुर्बीण घेऊन जातो. पक्षी बघायला बसभाड्यापलीकडे काही लागत नाही.

एक वर्ष मी दादांचा नियम मोडला. मोठा टीव्ही घ्यायचा म्हणून खासगी दौलतीत वळवली. नाटक बंद, सराफा बंद. टीव्ही आला, पण तोवर घरात चिडचिड शिरली होती. शिवाय मन मारल्याची भरपाई म्हणून दोघंही चोरून काहीबाही घेत होतो. वर्षअखेर हिशेब केला तर दौलतच फुगलेली. मग कळलं, दादा चाळीस रुपये का राखत होते. त्या चाळिसांच्या जोरावर बाकीची काटकसर आम्हाला निमूट झेपली होती.

इंदुरात अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात. शंभर वर्षांची रीत. गिरण्या कधीच्या बंद झाल्या, पण त्यांच्या नावाच्या झांक्या अजून निघतात. जुने कामगार आणि त्यांची मुलं वर्गणी मागतात, दिव्यांची आरास करतात आणि पहाटेपर्यंत रस्त्यावर असतात. दादा असेपर्यंत आम्ही त्यांच्यासोबत जात होतो. त्यांच्या गिरणीची झांकी समोर आली की ते टोपी काढून उभे राहत. गेल्या वर्षी आम्ही दोघंच गेलो. परतायला तीन वाजले. झोपण्याआधी ह्यांनी वही उघडून लिहिलं:

‘झांक्या. कचोरी, दोन. चहा, तीन.’

‘‘तीन?’’ मी विचारलं.

‘‘एक वर्गणीवाल्याला पाजला. दादांना ओळखत होता.’’