उन्हाळी संध्याकाळचा गार घास

वैशाखातली संध्याकाळ. शहागंजच्या घड्याळ मनोऱ्याच्या परिसरात टरबूज-खरबुजांच्या गाड्यांभोवती गर्दी असते. घरांच्या भिंती मात्र दिवसभर शोषलेली उष्णता रात्री उशिरापर्यंत बाहेर टाकत राहतात. या दिवसांत दवाखान्यात एक तक्रार हमखास कानी येते. ती रुग्ण स्वतः करीत नाही; सून किंवा लेक करते. "डॉक्टर, संध्याकाळी आई काहीच खात नाहीत हो. भाकरी वाढली की ताट सरकवतात."

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका ७८ वर्षांच्या आजींना रात्री दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. घरच्यांना वाटले, ऊन बाधले. घरी ग्लुकोमीटर होता म्हणून बरे. रक्तातील साखर निघाली ५४. आजींनी मधुमेहाची गोळी नेमाने घेतली होती, जेवण मात्र दोन घोट ताकावर भागवले होते. त्या शुद्धीवर होत्या, गिळू शकत होत्या, म्हणून साखरपाण्याने सावरल्या. 'उन्हाळ्यात भूक मंदावतेच' असे म्हणून आपण जे सोडून देतो, ते कधी कधी असे अंगाशी येते.

वय वाढले की तहान आणि भूक या दोन्हींची जाणीव बोथट होते. त्यात उकाडा, कवळी, आणि चवीची कमी झालेली संवेदना. गरम, कोरडे अन्न नकोसे वाटते. जेवण टळत गेले की प्रथिने कमी पडतात, स्नायू झिजतात, तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो. अशा वेळी आग्रहापेक्षा पदार्थ बदलणे अधिक उपयोगी ठरते.

आजींच्या बाबतीत उपाय नातीने शोधला. तिने स्वतःसाठी केलेले गार पास्ता सॅलड आजींनी चमचाभर चाखले आणि आणखी मागितले. सूनबाई धास्तावून मला विचारायला आल्या, "हे त्यांना चालेल का?" मी म्हटले, चालेल, फक्त मेयोनेझऐवजी चक्का घालू या. बाजारी मेयोनेझमध्ये तेल भरपूर, प्रथिने नाममात्र. घरी कच्च्या अंड्याचे केले तर उन्हाळ्यात जंतुसंसर्गाची भीती. नाव परके असले तरी हा पदार्थ आपल्या दह्यातल्या कोशिंबिरीचा आणि दहीभाताचा नातलगच आहे.

साहित्य (चार जणांसाठी)

छोट्या आकाराचा, रव्याचा पास्ता १५० ग्रॅम (पाकिटावर मैदा नाही ना, हे पाहावे), ताजे गोड दही अर्धा किलो, मऊ पनीर १०० ग्रॅम, एक काकडी, एक गाजर, एक टोमॅटो, दाण्याचे बारीक कूट दोन चमचे, भाजलेल्या जिऱ्याची पूड, मिरपूड, पुदिना, कोथिंबीर, लिंबू, मीठ बेताचे.

कृती

दही स्वच्छ फडक्यात बांधून, चाळणीवर ठेवून दोन-तीन तास फ्रिजमध्येच निथळू द्यावे. चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात ते बाहेर टांगून ठेवू नये. निथळलेले पाणी कणीक मळायला वापरावे. पास्ता पाकिटावरील वेळेपेक्षा दोन-तीन मिनिटे अधिक शिजवावा. कवळीने सहज चावता यायला हवा. लगेच पिण्याच्या गार पाण्याखाली धुऊन निथळावा. गाजर वाफवून, काकडी सोलून व टोमॅटोच्या बिया काढून सर्व बारीक चिरावे. चक्का चमच्याने घोटून, दोन-तीन चमचे दूध घालून सैल करावा. त्यात कूट, जिरे, मिरपूड, मीठ व लिंबू मिसळावे. मग पास्ता, भाज्या आणि कुस्करलेले पनीर घालून अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवावे. वाढण्यापूर्वी पुदिना-कोथिंबीर पेरावी.

एका वाढणीतून सुमारे १२ ग्रॅम प्रथिने मिळतात. पास्त्यातील कर्बोदके साधारण एका मोठ्या पोळीइतकी होतात. म्हणून मधुमेहींनी हा पदार्थ पोळी-भाताच्या जोडीला नव्हे, त्यांच्या जागी घ्यावा.

ही काळजी घ्यावी

• शिजवलेला पास्ता आणि दही दोन्ही उष्णतेत लवकर बिघडतात. कडक उन्हाळ्यात तासाभराहून अधिक वेळ बाहेर राहिलेले सॅलड टाकून द्यावे. वास चांगला आहे म्हणून ठेवू नये. वीज गेल्यास फ्रिजचे दार बंद ठेवावे. चार तासांहून अधिक काळ वीज नसेल तर ते खाऊ नये.

• पक्षाघात किंवा पार्किन्सनमुळे गिळायला त्रास होत असेल, खाताना ठसका लागत असेल, तर कोणत्या पोताचे अन्न द्यावे हे आधी डॉक्टरांना विचारावे.

• मूत्रपिंडाचा विकार असल्यास पनीर, दही व टोमॅटोचे प्रमाण तज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे. रक्तदाब असल्यास मीठ कमी करून लिंबू व जिऱ्याने चव आणावी.

• डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारखी प्रतिजैविके किंवा लोहाच्या गोळ्या चालू असतील, तर दही-पनीरच्या पदार्थात आणि औषधात किती अंतर ठेवावे हे विचारून घ्यावे.

• मधुमेही व्यक्ती जेवत नसेल, तर त्या दिवशीच्या गोळीचे किंवा इन्सुलिनचे काय करायचे हे डॉक्टरांशी आधीच बोलून, कागदावर लिहून ठेवावे. घाम, थरथर, गोंधळलेले बोलणे दिसताच साखर तपासावी. ती ७० पेक्षा कमी असेल आणि व्यक्ती शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि मग काही खायला द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालय गाठावे.

त्या आजींची गोळी आम्ही बदलली, वेळही बदलली. आता आठवड्यातून दोनदा संध्याकाळी सात वाजता नात वाटी घेऊन त्यांच्या शेजारी बसते. आजींची एकच तक्रार असते : "यात हिंग-जिऱ्याची फोडणी का नाही?" फोडणी घालायला हरकत काहीच नाही. भुकेने अशी फर्माईश केली, की वैद्याने निम्मी लढाई जिंकली असे समजावे.